उगमवाले दुर्योधनभाऊ

दुर्योधनभाऊंच्या घरात साप निघाला, तेव्हा भाऊ खाटेवर उभे राहून आम्हाला एका शब्दाची जन्मकथा सांगत होते.

झालं असं, की त्यांच्याकडे झाडलोट करणारी बाई "तरास! तरास!" ओरडत बाहेर पळाली. तिच्या गोंडीत तरास म्हणजे साप. आम्ही शेजारी मात्र घरात तरस शिरलं असं समजून काठ्या-कुऱ्हाडी घेऊन धावलो. दारातून पाहतो तर खाटेखाली हातभर लांब साप आणि खाटेवर भाऊ, चेहरा आनंदाने फुललेला.

"भाऊ, खिडकीतून उडी मारा!" मी ओरडलो.

"थांबा ना बापा! गोंडीत तरास म्हंजे साप, आपल्यात तरस म्हंजे हाडं फोडणारं जनावर. आता दोघायचा उगम सांगू? त्रास! दोघंई माणसाले त्रासच देते!"

हे सिद्ध होईपर्यंत साप कंटाळून मोरीतून निघून गेला.

भाऊ अहेरीच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि मी जंगल खात्यात कारकून होतो. आमच्या घरांची भिंत एकच होती. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि बदलून आलेल्या प्रत्येक माणसाला भाऊ पहिला प्रश्न विचारत, "तुमच्या गावात याले काय म्हणते?" 'याले' म्हणजे समोर असेल त्याला. वांगं, बैलगाडी, साहेबांची टोपी, काहीही चालायचं. "नदीले उगम असते, तसा शब्दाले असते," हा त्यांचा सिद्धांत. तो सिद्धांत ठीकच होता. पंचाईत अशी, की भाऊंनी शोधलेला एकही उगम खरा नसे. बहुतेक शब्द फिरून फिरून पोंभुर्ण्यात उगम पावत. पोंभुर्णा हे भाऊंचं जन्मगाव.

नकाशा भरायची वेळ आली, की वर्गातलं एखादं कार्टं हळूच विचारायचं, "सर, नकाशा शब्दाचा उगम कुठचा जी?" झालं! तास संपेपर्यंत गोदावरी तशीच कोरी राहायची.

आठवडी बाजारात सिरोंचाकडची लक्ष्मम्मा मिरच्या विकायला बसायची. ती तेलुगू बोलायची, वर आपल्या पद्धतीचं मराठी. एकदा तिने तागडीत मिरच्या टाकल्या आणि भाऊंना विचारलं, "चालु?" भाऊ म्हणाले, "हो, चालू!" बाई मिरच्या बांधायला लागली. भाऊ म्हणाले, "अवं, चालू म्हणलो ना, टाक!" ती म्हणाली, "चालु म्हणता, मग कसं टाकू?" दोघांचं बराच वेळ जुंपलं, आणि अखेर उलगडा झाला की तेलुगूत चालु म्हणजे पुरे!

भाऊ मिरच्या तिथेच विसरून धावत माझ्याकडे आले. "आपला चालू म्हंजे सुरू, त्यायचा चालु म्हंजे बंद! अक्षरं तेच, अन् एक गाडी सोडते, दुसरा गाडी थांबवते! उगम सांगू?"

"सांगा," मी म्हणालो. नाही म्हणून उपयोग नसे.

"आपला चालू पोहत पोहत प्राणहिता पार करून तिकडं गेला. एवढी मोठी नदी! त्या काठाले लागला तं दम लागला त्याले. म्हणे, बस बापा, आता पुरे."

खरी गोष्ट वेगळी असणार, दोन वेगळ्या घरची दोन माणसं योगायोगाने एकाच नावाची असावीत तशी, हे मलाही कळत होतं. पण त्या थकलेल्या शब्दाची मला खरोखर दया आली.

भाऊंना एकच लेक, सुजाता. तिची आई तिच्या लहानपणीच वारली होती. सुजाता सिरोंचाच्या दवाखान्यात नर्स होती, आणि तिने तिथल्याच एका मास्तराशी लग्न ठरवलं. मुलगा भला होता, पण घर सगळं तेलुगू बोलणारं. भाऊंनी लगेच होकार दिला. गल्लीत बोलबाला झाला, की यांना जावई नको, शब्दांची खाण हवी होती. मीही हसलो. पुढे भाऊ दर बाजाराला जाऊन लक्ष्मम्माजवळ उकिडवे बसू लागले, ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागले, तेव्हा तर आमची खात्रीच पटली.

लग्न शाळेच्या पटांगणात झालं. बुद्धवंदना झाली, हार घातले, पंगती बसल्या. भाऊंनी वाढणाऱ्यांना आदल्या दिवशी रीतसर धडा दिला होता: "कोणी चालु म्हणलं का हात आवरायचा. व्याह्याच्या ताटात जबरदस्तीनं भात लोटाल तं याद राखा!"

मुलगेही आज्ञाधारक. गोंडपिपरीहून आलेले माझे मामेसासरे भाताचे भारी शौकीन. बादली समोर येताच ते खुशीत म्हणाले, "चालू द्या, चालू द्या!" बादली पुढे सरकली. वरण आलं, "चालू द्या!" वरणही गेलं. बुंदीही अशीच निघून गेली, तेव्हा ते पानावरून उठून उभे राहिले. "काऊन रे, आमी काय फुकटचे आलो का?" आमच्याकडची अख्खी पंगत उपाशी! आणि पलीकडच्या पंगतीत व्याही मंडळी "पुरे, पुरे" म्हणत पोट धरून बसलेली. सुजाताने त्यांना हा एक मराठी शब्द आधीच शिकवून ठेवला होता. भाऊंच्या धड्याची त्यांना गरजच पडली नाही.

मामेसासऱ्यांची समजूत घालून, सगळ्यांना पोटभर वाढून होईपर्यंत ऊन कलायला आलं. वऱ्हाडाची गाडी तयार झाली. सुजाता रडून घेऊन आत बसली. तेवढ्यात भाऊ गाडीशी गेले, विहीणबाईंसमोर उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला. आता उगम निघणार या भीतीने मी डोळे मिटले.

पण भाऊ सावकाश, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखं म्हणाले, "अम्मायिकि आकलि वेस्ते चेप्पदु. मीरे अडगंडि."

विहीणबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि भाऊंच्या हातावर ठेवला. "सरे, अन्नय्या," त्या म्हणाल्या. सुजाताने पदरात तोंड लपवलं.

लक्ष्मम्मा लग्नाला आलेली होती. मी तिला हळूच विचारलं, "काय म्हणाले गं?"

"पोरगी भूक लागली तरी सांगत नाई, तुमीच इचारजा, असं म्हणाले." ती डोळे पुसत होती. "अन् त्या म्हणाल्या, बरं दादा. दर बाजाराले येऊन हेच घोकून राह्यले होते. मी म्हणलं, दुसरं काही शिका ना सर. तं म्हणे, एवढंच नीट येऊ दे."

आईवेगळी पोर. बाप शब्दांच्या नादात असला, की चुलीशी गप्प बसून राहायची, हे त्या बापाने पाहिलं होतं आणि इतकी वर्षं मनात ठेवलं होतं.

गाडी गेली. मांडवात भाऊ एकटेच खुर्चीवर बसले होते. माझी बायको जवळ गेली. "भाऊ, जेवले का?"

"हो ना, कवाचाच."

बायकोने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पत्रावळ वाढून आणली. भाऊ सकाळपासून उपाशी होते. त्यांनी मान खाली घालून तीनदा भात घेतला. आमच्या घरी त्या दिवसापासून मूठभर तांदूळ जास्तीचे शिजू लागले, ते भाऊंची बदली होईपर्यंत.