घाटीवरचा खोकला

इंजिनाला हात लावल्यावर सगळेच हात धुतात. इंजिनाला हात लावण्याआधी हात धुवायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे शेजारी इनासबाब.

त्यांच्या घरापुढच्या खळ्यात दगडावर करवंटीत साबणाची वडी असायची. तिला चुकवून कोणी उंबरठ्यापर्यंत पोचला, की आतून हाक यायची, "रे, आदी हात धुव!" धुतलेले हात दाखवले की मग आत प्रवेश. आत जेवणाच्या टेबलावर, फक्त नाताळात निघणाऱ्या पांढऱ्या चादरीवर, त्यांच्या जुन्या स्कूटरचे इंजिन सुटे करून मांडलेले. ते बघायला वाकावे, तर इनासबाब म्हणत, "बघू नको, आयक." हे त्यांचे पालुपद. स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते एका हाताने चाक फिरवत आणि डोळे मिटून ऐकत. त्या मुक्या लोखंडात त्यांना काय ऐकू येई, देव जाणे. मला एकदा त्यांनी ऐकायला लावले. मला माझेच कान वाजल्यासारखे वाटले. पण "आयकलंस मा?" असे त्यांनी विचारल्यावर मी मान डोलावली.

इनासबाब मेकॅनिक नव्हते. मसुऱ्याच्या बाजूला एका शाळेत ते कारकून होते. रोज त्याच स्कूटरने जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. बारावीच्या पेपरच्या दिवशी माझी एसटी चुकली, तेव्हा त्यांनी मला मागे बसवून केंद्रावर पोचवले होते. मासे विकणाऱ्या आईचा मुलगा पदवीधर झाला आणि आज शाळेत शिकवतो, त्यात त्या स्कूटरचाही वाटा आहे. म्हणून तिच्याबद्दल मी आदरानेच लिहीन.

आदराने लिहायचे तरी एक गोष्ट लपवता येत नाही. तिला खोकला होता. वाडीत येणारा उतार, म्हणजे आमची घाटी, उतरताना क्रुसाजवळच्या वळणावर ती दोनदा बारीक खोकायची, क्षणभर श्वास धरायची आणि मग असा मोठा ठसका द्यायची, की माडावरचे कावळे उडायचे. त्या ठसक्यावर आमच्या वाडीत दिवे लागत. आणि इनासबाबांची थोरली बहीण, मारीबाय, चुलीवर माशाचे सार गरम करायला ठेवी.

त्यांची आई गेली तेव्हा इनासबाब लहान होते. मारीबायने त्यांना वाढवले. तिने लग्न केले नाही, आणि त्यांचेही राहून गेले. भाऊ घरी आल्याशिवाय ती रात्रीचे कधी जेवली नाही.

नोकरी संपली तशी स्कूटर मांगरात, म्हणजे घरामागच्या छपरात, गेली. तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. पुढे मारीबायची आठवण हळूहळू विरत गेली. डॉक्टर म्हणाले, वयाचे आहे. दिवसभर ती शांत असे. संध्याकाळी मात्र ओटीवर येऊन घाटीकडे तोंड करून बसे. इनासबाब शेजारी ताट घेऊन बसत. ती त्यांच्याकडे अदबीने बघून म्हणे, "तुमी जेवा, पावण्यांनू. माझो भाव शाळेतसून येवचो आसा. तो इलो की मगे मी जेवतलंय."

"बाय, मीच इनास."

"तुमी थट्टा करतास. इनास काळ्या केसांचो."

ताट तसेच परत जाई. पावसाळा सरेपर्यंत मारीबायच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

आणि नेमक्या याच दिवसांत इनासबाबांनी स्कूटर मांगरातून बाहेर काढली. माझी आई त्यांना तोंडावर बोलली. तिचा आवाज मासळी बाजारात घडलेला. "भयण उपाशी रवता, आणि ह्यो इंजिनाक तेल पाजता!" मलाही आत कुठेतरी तसेच वाटले. आईलासुद्धा इनासबाबांनी हात धुवायला लावले, एवढेच.

काम महिनोन् महिने चालले. पिस्टनच्या रिंगा लोणच्याच्या बरणीत, बोल्ट तिरफळाच्या डब्यात. एकदा सगळे जोडून झाल्यावर एक वॉशर हातात उरला. इनासबाबांनी अख्खे इंजिन पुन्हा उघडले, पुन्हा जोडले. वॉशर उरलाच. तिसऱ्यांदा उघडायला बसले, तेव्हा माझ्या आईने तो ओळखला. तो मारीबायच्या शिवणयंत्राचा होता.

नवा पिस्टन आणायला ते एसटीने नांदगावला गेले. जुना पिस्टन इस्त्रीच्या रुमालात गुंडाळून मांडीवर. हमरस्त्यावरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानदाराने सल्ला दिला, "काका, भंगारात घाला ती. आता बॅटरीची घ्या."

"तुझो बापूस खंय आसा?" इनासबाबांनी विचारले.

"घराक आसा. कित्याक?"

"नाय, म्हटला, भंगारात घातलंस काय."

तरीही त्याच दुकानदाराकडून त्यांनी पिस्टन घेतला, गंजून भोक पडलेला सायलेन्सर त्याला दिला आणि दुसरा धड असलेला घेतला.

शेवटी एका संध्याकाळी इंजिन बसवले. सगळी वाडी खळ्याबाहेर जमली. इनासबाबांनी क्रुसाची खूण केली, किक मारली, आणि स्कूटर सुरू झाली. निळा धूर निघाला, कोंबड्या पळाल्या. पण आवाज! शिवणयंत्रासारखा एकसारखा, गुळगुळीत. ते घाटी चढून गेले आणि खाली उतरले. क्रुसाजवळ ठसका नाही, काही नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. इतके समाधान मला माझ्या निकालाच्या दिवशीही झाले नसेल.

इनासबाब उतरून ओटीकडे गेले. मारीबाय उठून उभी राहिली आणि पदर सारखा करत माझ्या आईकडे बघून म्हणाली, "कोण गो इलो? कोणीतरी मोठो माणूस दिसता. चाय ठेव."

टाळ्या थांबल्या. इनासबाबांनी चहा घेतला. पाहुण्यासारखा, बशी न वाजवता.

दुसऱ्या दिवशी बघतो तर स्कूटर पुन्हा उघडलेली. मी हात धुतले आणि विचारले, "बाबांनू, चांगली चालत होती ना?"

"ताच तर झाला," ते म्हणाले. "बरी चालता. बरी चालणारी गाडी इनासची कशी आसात?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके महिने हा माणूस इंजिन दुरुस्त करत नव्हता. तो घरी यायची वाट दुरुस्त करत होता. मी घरी जाऊन आईला सांगितले. ती निवडत असलेली कोळंबी तशीच टाकून, हात धुऊन, मागल्या दाराने त्यांच्याकडे गेली.

मग जे सुरू झाले, ते कुठल्याही गॅरेजात कोणी पाहिले नसेल. इनासबाब पुन्हा नांदगावला गेले आणि आपलाच भोक पडलेला सायलेन्सर परत मागू लागले. "धडको देवन फुटको व्हयो?" म्हणत दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. सायलेन्सर भंगाराच्या ढिगातून निघाला. त्याने आवाज मोठा झाला, पण खोकला काही येईना. इनासबाब रोज कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा थोडा बिघडवायचे आणि घाटीवरून उतरून यायचे. खाली आम्ही सगळे परीक्षक.

"दोन झाले, पण ठसको खंय?" कोणी म्हणे.

"ठसको क्रुसाच्या आदी इलो. क्रुसाकडे व्हयो."

माझी आई डोळे मिटून ऐकायची. "नाय. ह्यो सर्दीचो. तो दम्याचो होतो."

इनासबाब मुकाट्याने गाडी वळवून पुन्हा वर जात. मी भाषेचा शिक्षक, पण एका आवाजासाठी इतके बारकाईने शब्द निवडणारी माणसे मी वर्गात कधी पाहिली नाहीत.

एका संध्याकाळी मात्र आम्ही कोणी परीक्षक म्हणून उभे नव्हतो. वाडीत लग्न होते, सगळे मांडवात. आईने मला मारीबायजवळ ओटीवर बसवून ठेवले होते. स्कूटर घाटी उतरू लागली. वळणावर दोन बारीक खोकले आले. मग काहीच नाही. मी श्वास धरला. आणि ठसका आला. कावळे उडाले.

मारीबायने मान वर केली. "इलो मेलो," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून चुलीकडे निघाली.

इनासबाब खळ्यात आले, तेव्हा ती दारात उभी होती. त्यांच्या पांढऱ्या केसांकडे तिने बघितले नाही. ती त्यांच्या हातांकडे बघत होती.

"तसोच खंय येतस रे? आदी हात धुव."

त्यांचे हात स्वच्छच होते. तरी सत्तरीतले इनासबाब दगडापाशी बसले, करवंटीतला साबण घेतला आणि कोपरापर्यंत फेस काढून कितीतरी वेळ हात धूत राहिले. मग त्यांनी ते दोन्ही बाजूंनी तिला दाखवले.

"बस आता," ती म्हणाली. आणि तिने दोन ताटे घेतली.