व्हॅनिला लावलेले नाकतोडे

"या वेळी बुडणं शक्यच नाही!" बोनिफासने जाहीर केलं.

त्याची बायको स्कोला शिजवायला मटोकेची हिरवी केळी सोलत होती. तिने मान वर केली नाही. हेच वाक्य तिने अननसाच्या साबणाच्या वेळी ऐकलं होतं आणि व्हॅनिलाच्या वेळीही. साबण मुंग्यांनी खाल्ला. व्हॅनिलाला गिऱ्हाईकच मिळालं नाही, ती पोत्यांत भरून घरातच राहिली. आता उशांनासुद्धा तिचा वास येई आणि बोनिफासला स्वप्नंही गोड पडत.

नोव्हेंबरात त्याला असंच एक स्वप्न पडलं. मसाका गावावर नाकतोड्यांचा हिरवा ढग अलगद उतरतोय आणि एकेक नाकतोडा आपणहून पाकिटात शिरून आतून पाकीट मिटून घेतोय! तळलेले नाकतोडे सगळेच विकतात. पण व्हॅनिला लावलेले? कोण विकतंय?

अडचण एकच होती. बोनिफासच्या कुळाचं देवक नाकतोडा. आपलं देवक तोंडात घालायचं नाही, हे आमच्या बुगांडात शेंबडं पोरही जाणतं. विकायला मनाई नव्हती, पण कुळातले मातायो आजोबा त्याच्याशी बोलेनासे झाले. "स्वतःची भावंडं तळतोस, मेल्या!" एवढंच शेवटचं बोलले.

मग चव कोण बघणार? स्कोलाच्या माहेरचं देवक मासा. तिने एक नाकतोडा चघळला.

"अहो, शाम्पू प्यायल्यासारखं वाटतंय."

"तुला धंद्यातलं काय कळतं!"

त्याने शेजाऱ्यांना चाखायला दिलं. आता मसाकात यजमानाच्या पदार्थाला नाव ठेवण्यापेक्षा माणूस गिळून मरणं पसंत करतो. शिंपीणबाई डोळे मिटून म्हणाल्या, "कष्ट घेतलेत हो!" मास्तर म्हणाले, "असं आयुष्यात खाल्लं नव्हतं." कंपाउंडर म्हणाला, "उरलेलं घरी निवांत खातो," आणि जवळजवळ पळालाच. बोनिफासला भरून आलं. दर कौतुकामागे तो आणखी मूठभर व्हॅनिला घालत गेला.

स्कोलाचा भाऊ लिओ याचं सिमेंटचं दुकान होतं.

"दाजी, हा शेवटचा धंदा. बुडाला तर सोमवारपासून माझ्याकडे पोती मोजायची. स्वप्नं बंद!"

"कबूल!" बोनिफास म्हणाला खरा. पण त्या दुकानाला एकही खिडकी नव्हती. आकाश न दिसणाऱ्या जागी माणसाला काही सुचायचं तरी कसं?

रविवारी चर्च सुटल्यावर फणसाखाली उद्घाटन झालं. ढोल वाजू लागला. पाहुण्यांच्या आधी मधमाश्या आल्या. पहिली बशी शिंपीणबाईंपुढे आली.

"अगंबाई, सांगायचं राहिलंच! माझं देवकसुद्धा नाकतोडाच हो!"

"काय सांगता! म्हणजे तुम्ही माझ्या भगिनी! पण परवा तर खाल्लेत?"

"म्हणून तर पाप लागलं! परवापासून पोट धरून बसलेय."

बशी मास्तरांकडे गेली. मास्तरही नाकतोडा निघाले. कंपाउंडर तर आईकडून नि बापाकडून, दोन्हीकडून नाकतोडा! बोनिफास प्रत्येकाला मिठी मारत सुटला. अख्खं गाव आपलं भाऊबंद आणि इतकी वर्षं आपल्याला पत्ता नाही! तो तरंगतच लिओपुढे आला. लिओने वास घेतला आणि तो सिमेंटसारखा पांढरा पडला.

"दाजी... माझंही देवक नाकतोडाच."

ढोल थांबला. लिओची आणि स्कोलाची पेर्पेतुआ आत्या खुर्चीतून ताडकन उठली.

"तू नाकतोडा, तर तुझी सख्खी बहीण कोण रे? कुळातल्या कुळात लग्न? अरे देवा! हे लग्न मोडलं! लग्नात वरपक्षाने आपल्याला दिलेली गाय परत करावी लागणार, आणि ती तर आपण खाल्ली!"

"माझी काही हरकत नाही," स्कोला शांतपणे म्हणाली. "दादा, मी आजच तुझ्याकडे राहायला येते. व्हॅनिलाच्या पोत्यांसकट."

"मासा!" लिओ किंचाळला. "माझं देवक मासा! माझ्या बापाचं मासा, आज्याचं मासा!"

"मग खा," आत्या म्हणाली.

लिओने खाल्लं. आत्या डोक्याशी उभी होती, त्यामुळे बशी चाटूनपुसून संपवावी लागली.

"कसे झालेत?" बोनिफासने विचारलं.

लिओच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. एवढा सभ्य माणूस, पण सभ्यता घशातच अडकली.

"दाजी, उद्या दुकानात या."

त्या मोसमात आमच्या आळीत कुणी नाकतोड्याला तोंड लावलं नाही. नुसता वास आठवला तरी लोक दारं लावून घेत. मातायो आजोबा पांढराशुभ्र झगा घालून, काखेत कोंबडी घेऊन बोनिफासला आशीर्वाद द्यायला आले. "आपल्या कुळात शूर पुष्कळ झाले, बाळा. पण गावाला आपल्याला खायचं सोडायला लावणारा तू पहिलाच!"

सोमवारपासून बोनिफास पोती मोजू लागला. पण त्याच्या अंगाचा व्हॅनिलाचा वास काही जाईना. आत त्याच्याजवळ कुणाला उभं राहवेना, म्हणून लिओने त्याला बाहेर पायरीवर बसवलं. तिथून आकाश दिसत होतं. सगळंच्या सगळं.

संध्याकाळी हिरवा ढग डोक्यावरून तरंगत गेला. एक नाकतोडा त्याच्या बाहीवर येऊन बसला. बोनिफास त्याच्याकडे बघत राहिला, बघता बघता त्याचे डोळे अर्धवट मिटले.

"लिओ," तो हळूच म्हणाला, "सिमेंटला जर व्हॅनिलाचा..."

"दाजी, हात लावायचा नाही!" आतून आरोळी आली. "आजपासून माझं देवक सिमेंट!"