तासभर चहा नाय

डहाणूजवळ नरपडला नव्यानं राहायला आलेल्या माणसाचं स्वागत दामूकाका कच्च्या चिकूनं करतात. पिकलेले पाटीत भरलेले असतात, पण ते नंतर. आधी कच्च्याची फोड हातावर ठेवायची, "चाव" म्हणायचं आणि समोरच्याचं तोंड बघत बसायचं.

मी चावली. जीभ टाळ्याला चिकटली, ओठ आत ओढले गेले, बोलताच येईना.

"धरलं ना?" काका खूश. "चिकूचा तुरटपणा तुझ्या लाळेतल्या प्रोटीनला धरून बसलाय. धरलं की सोडत नाय."

काका आमचे शेजारी. आयुष्यभर मासेमारी केली, आता बोट विकून चिकूची चार झाडं सांभाळतात. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगी पुण्यात खाण्यापिण्याच्या पदार्थांच्या लॅबमध्ये आहे. तिनं फोनवर सांगितलेलं काका आम्हाला सांगतात, पण त्यांच्या भाषेत. तुरट पदार्थ प्रोटीनला धरतो हे त्यांना लगेच पटलं, कारण लहानपणी त्यांच्याकडं सुती जाळी झाडाची साल उकळून त्या पाण्यात बुडवायचे. "दोरा असा आवळायचा की कुजायचं नाव नाय. तुमचा चहा तेच करतो, फक्त पोटात."

म्हणून त्यांचा नियम. जेवणावर तासभर चहा नाही. त्यांच्याकडं जेवलेला माणूस लगेच चहाची वाट बघू लागला, की काका स्टोव्हकडं पाठ करून बसतात आणि वादळात सापडलेल्या बोटीची गोष्ट सुरू करतात. गल्लीतले लोक म्हणतात, म्हाताऱ्याची चहापत्ती वाचते.

मी परभणीकडची. सातवीतून शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याला इकडं चिकू निवडून भरायच्या गाळ्यावर काम मिळालं म्हणून आलो. दिवस गेले तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, रक्त फार कमी आहे, असंच राहिलं तर बाळंतपणाला वलसाडला पाठवावं लागेल. वलसाड म्हणजे दुसरं राज्य, भाषा वेगळी, ओळखीचं कुणी नाही. आई तर इथंही येणार नव्हती, तिकडं कुठून येणार? माझी झोप उडाली. लोहाच्या गोळ्या मात्र मी एकही चुकवत नव्हते.

एका सकाळी काका चिकू द्यायला आले, तर मी चहात भाकरी कुस्करून खात होते. आमच्याकडं तेच खातात. त्याच चहाबरोबर मी गोळी गिळली.

काका दारातच थांबले. "एक गोळी दे."

त्यांनी ती पाट्यावर कुटली आणि माझ्याच कपात टाकून ढवळली. चहा हळूहळू काळा पडत गेला, दौतीतल्या शाईसारखा.

"हे प्यालीस तू," काका म्हणाले. "लोखंडाला चहानं धरलं. रक्तात काय जाईल, माती?"

"सिस्टर असं बोलल्या नाहीत."

"तू त्यांना सांगितलंस, चहाबरोबर घेते म्हणून?"

नव्हतं सांगितलं. पुढच्या वेळी विचारलं, तर सिस्टरांनी कपाळाला हात लावला.

मग गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि चहा जेवणापासून लांब. दुपारी काका सुक्या बोंबलाचं कालवण आणून द्यायचे आणि चहा लवकर होऊ नये म्हणून तिथंच बसायचे. मला त्या वादळी बोटीतले सगळे खलाशी नावानिशी पाठ झाले.

परवा दवाखान्यात सांगितलं, रक्त वाढलंय, बाळंतपण इथं डहाणूतच होईल. मी जेवून घेतलं, जरा आडवी झाले आणि मग सांगायला काकांकडं गेले. दार उघडंच होतं. काका भात-कालवण खात होते, आणि ताटाशेजारी वाफाळता चहा. एक घास, एक घोट.

मला बघून त्यांनी कप ताटामागं सरकवला.

"काका, धरलं की."

"धरू दे," ते कपाकडं बघत म्हणाले. "एकट्या माणसानं तासभर कुणाची वाट बघायची?"

मी वलसाड टळल्याचं सांगितलं. ते ताट सारून उठले. हात धुऊन आले, माझ्यासाठी पाट मांडला आणि विचारलं, "तू जेवलीस कधी?"

जेवून मला बराच वेळ झाला होता.

"हे काय, आत्ताच," मी म्हणाले.

"मग तासभर चहा नाय," काका म्हणाले, आणि बोट वादळात घातली.