जावईबापूंचे पंधरा फूट

तुम्हाला म्हणून सांगतो, त्या चाकांच्या फळीवर मी हौसेनं चढलो नव्हतो. सासूबाईंना घरी ठेवून घ्यायचं होतं म्हणून चढलो. (सासू घरात राहावी म्हणून हातपाय मोडून घेणारा दुसरा जावई बारामती तालुक्यात सापडला तर कळवा. मी स्वतः येऊन त्याला चहा पाजीन.)

झालं असं. सासूबाईंचं नाव ताईबाई, मी त्यांना मामी म्हणतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या आमच्याकडे बारामतीला आल्या. मामा गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून निमगाव केतकीच्या घरात त्या एकट्याच. आमच्याकडे दीड महिना राहिल्या आणि घराचा नूरच पालटला. भाकरी फुगायला लागली. माधवी, म्हणजे आमची ही, काम करता करता गुणगुणायला लागली. मीसुद्धा कचेरीतून वेळेवर घरी यायला लागलो, कारण मी येईपर्यंत मामी स्वतःचा चहा घ्यायच्या नाहीत. मग डॉक्टरांनी डोळा तपासला आणि म्हणाले, "आजी, एकदम ठणठणीत!" त्याच संध्याकाळी मामींची भरलेली पिशवी दाराशी येऊन बसली.

"दुखणं हाय तवर लेकीच्या घरी ऱ्हायलं तर चालतंय," मामी म्हणाल्या. "आता मला काय झालंय? रविवारी सोडा मला निमगावला. जावयाच्या घरात किती दिस बसून खायचं? लोक काय म्हनतील?"

माधवीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, दिवाळीच्या आधी ती न्हाणीत घसरून पडली होती. दोन तास उठता येईना. आपल्याला कळूसुद्धा दिलं नाही तिनं, शेजारच्या कुशाबाईंनी परवा फोनवर सांगितलं. काहीही करा, पण आईला परत जाऊ देऊ नका." आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

चोवीस वर्षांत माधवीनं माझ्याकडं तीन गोष्टी मागितल्या. एक गिझर, दुसरा गच्चीवर पत्रा आणि तिसरी ही. पहिल्या दोन अजून व्हायच्या आहेत.

मी कचेरीत आवक-जावक क्लार्क आहे. एखादा कागद जावक होऊ द्यायचा नसेल तर त्याला नाही म्हणायचं नसतं, नुसता उशीर करायचा असतो, एवढी विद्या मला तीस वर्षांत आलेली आहे. नेमकी त्याच दिवशी मोबाईलवर जाहिरात आली. निमगावच्या अलीकडच्या माळावर शनिवार-रविवार 'काईट लँडबोर्डिंग'. सर्वांसाठी खुले, हलक्या वाऱ्यातही मजा! म्हणजे चार चाकांच्या फळीवर उभं राहायचं, हातात खोलीएवढ्या पतंगाच्या दोऱ्या धरायच्या आणि वारा ओढील तिकडं जायचं. मी ठरवलं, रविवारी मामींना घेऊन निघायचं, वाटेत तिथं थांबायचं, उशीर करायचा आणि 'आता अंधार पडला, पुढच्या रविवारी बघू' म्हणून गाडी मागं वळवायची. असे रविवार ढकलत ढकलत आपण पावसाळा गाठू.

चार वाजता माळावर पोचलो. ज्वारीची काढणी झालेली, ऊन तिरपं झालेलं, आणि वाऱ्याचा पत्ता नाही. खेळ शिकवायला आलेला पुण्याचा सुयोग नावाचा एक उत्साही तरुण हातात वारा मोजायचं यंत्र घेऊन फिरत होता. मामी डोक्यावरचा पदर सारखा करून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. मामी माझ्यासमोर कधी उघड्या डोक्यानं आल्या नाहीत. जावई म्हणजे जावई.

"आजी, तुम्ही करून बघता का?" सुयोगनं विचारलं. "वारा कमी आहे, हलकी माणसं लगेच पळतील."

"आदी जावईबापू," मामी म्हणाल्या. "त्यांचा मान हाय."

आता आली का पंचाईत! मी आलो होतो उशीर करायला. पण सासूनं चारचौघांत मान दिल्यावर नको कसं म्हणायचं? मी फॉर्म भरायला घेतला. त्यात वजनाचा रकाना होता. मी अठ्ठ्याहत्तर लिहिलं. (खरं चौऱ्याण्णव आहे. तुमच्यापाशीच ठेवा.) सुयोगनं फॉर्मकडं पाहिलं, मग माझ्या पोटाकडं पाहिलं, आणि चांगल्या घरचा असल्यामुळं सरळ हेल्मेट आणायला गेला.

मला हेल्मेट घातलं. पाय फळीवरच्या पट्ट्यांत अडकवले. निळा पतंग वर गेला आणि डोक्यावर जाऊन निवांत उभा राहिला. मी खाली उभा, तो वर उभा. पाच मिनिटं झाली. माळावरच्या लोकांनी मोबाईल बाहेर काढले होते ते परत खिशात घातले.

"अहो, सुटलाय का तुम्ही?" माधवीनं लांबून विचारलं.

"वाऱ्याची वाट बघतोय!"

"यंत्रात ताशी सातच किलोमीटर दाखवतंय," सुयोग म्हणाला. "सर, तुमचं वजन नक्की..."

तेवढ्यात मामी खुर्चीवरून उठल्या. वाकून चिमूटभर माती घेतली आणि हात उंच करून सोडली. माती सरळ खाली आली. मामींनी पश्चिमेकडं तोंड केलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "उतरा जावईबापू. वारं अजून धा मिनटांनी हाय. पर आलं की एकदम अंगावर यील आन एकदमच पडंल."

"आजी, तुम्हाला कसं कळलं?" सुयोगनं विचारलं.

"चाळीस वरसं खळ्यावर वाऱ्यात ज्वारी उपणली बाबा, दानं खाली आन भुसा वाऱ्यावर. ह्यांचं मामा उच्च्या तिवईवर पाटी घिऊन हुभं ऱ्हायचं आन मी खालनं वारं सांगायची. मी म्हनलं सोडा की पाटी सोडायची. एकदा म्हनून भुसा डोळ्यात गेला न्हाय त्यांच्या." आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आता कुनाला सांगायचं वारं?"

वाटलं, आत्ता उतरावं आणि म्हणावं, मामी, मला सांगत जा की! उतरलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण मामांच्या जागी आता आपण उभे आहोत असा काहीतरी मोठेपणाचा विचार डोक्यात शिरला आणि मी म्हणालो, "मामी, तुम्ही वारं सांगा. मी हितंच हुभा ऱ्हातो."

"जावईबापू, ऐका माजं."

"तुम्ही सांगा फक्त!"

बरोबर दहा मिनिटांनी बांधावरच्या बाभळी हलल्या. मामींनी नकळत हात वर केला आणि मोठ्यांदा ओरडल्या, "सोडाऽ!" वारा आला, पतंगानं हिसका दिला आणि मी चाललो! खरंच चाललो हो! तोंडावर वारं, मागं माधवीच्या टाळ्या, आणि मला वाटलं आता थेट इंदापूर. (कचेरीत मी दोनशे फूट सांगितलंय. सुयोगनं नंतर पावलांनी मोजलं, पंधरा भरलं.) तिथं वारं पडलं, मामींनी सांगितलं होतं तसंच, एकदम. फळी दगडाला अडली, मी बोरीच्या झुडपाशेजारी लोळण घेतली आणि पतंग माझ्यावर पांघरूण पडावं तसा येऊन पडला.

पतंगाखाली निळा अंधार होता. डावा पाय ठणकत होता. कुणीतरी भराभरा कापड ओढून काढलं. वर बघतो तर मामी. धावत आल्या होत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. पांढरे केस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"लेकरा, लागलं का रं?" मामी म्हणाल्या.

चोवीस वर्षांचं जावईबापू कुठल्या कुठं गेलं. पायापेक्षा त्यानंच मला रडू आलं, पण सगळ्यांनी ते पायाचंच धरलं.

मामींनी तिथंच मातीत बसून माझा पाय मांडीवर घेतला. "घोटा मुरगाळलाय," म्हणाल्या. परतताना गाडी माधवीनं चालवली. (माझ्यापेक्षा बरी चालवते, हे तेव्हा कळलं.) रस्त्याला लागल्यावर तिनं गाडी थांबवली. डावीकडं निमगाव सहा किलोमीटर, उजवीकडं बारामती.

"आई, कुठं वळू?"

मागच्या सीटवर माझा पाय मामींच्या मांडीवर होता. त्यांनी पिशवीकडं पाहिलं, मग पायाकडं.

"बारामतीला घे. आजारी मानूस घरात हाय, तू कामाला गेल्यावर ह्यांच्याकडं कोन बघनार? ह्यांचं दुखणं सरलं की जाते मी."

माधवीनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. तसं तिनं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

पाय दहा दिवसांत बरा झाला. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. मार्च गेला, एप्रिल गेला, मे संपत आला, मी आपला लंगडतोय. पिशवी माधवीनं रिकामी करून कपाटावर टाकली. कचेरीत मी जिने चढून पळत जातो, आणि घराचं फाटक आलं की लंगडतो. इतकं मन लावून काम मी तीस वर्षांच्या नोकरीत केलेलं नाही.

परवा सकाळी चहाला म्हणून लंगडत स्वयंपाकघरात गेलो. मामी सुपात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "जावईबापू."

"काय मामी?"

"तुमचा डावा पाय मुरगाळला व्हता."

मी खाली पाहिलं. मी उजव्या पायानं लंगडत होतो.

माधवीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मला वाटलं संपलं, आता पिशवी खाली येणार. मामींनी सूप बाजूला ठेवलं, जुन्या लुगड्याची एक चिंधी फाडली, माझ्यापुढं बसून ती माझ्या डाव्या पायाला घट्ट बांधली आणि गाठ मारता मारता म्हणाल्या,

"ह्यो पाय लंगडायचा. इसरत जाऊ नगा. मला अजून हितं ऱ्हायचंय."