टेरिकॉटचे जावई

ज्याच्या जुन्या कपड्याचा लंगोट बाळाला बांधावा, त्याच्यासारखं बाळ लंगोट ओला होईपर्यंत वागतं. बार्शीच्या काटकरांकडे याचं कुणाला कधी विशेष वाटलेलं नाही. घरच्या आजी कुमुदताई सकाळी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "तात्या वाळले का?" अंगणातून कुणीतरी दोरी चाचपून सांगायचं की तात्या वाळले, पण सिंधूमावशी अजून दमट आहेत. मग तात्यांची तिकोनी घडी घालून बाळाला बांधत.

तात्या म्हणजे कुमुदताईंचे यजमान. ते स्वतः त्या वेळी ओसरीवर पेपर वाचत बसलेले असत आणि या बोलण्याकडे मुळीच लक्ष देत नसत. आयुष्यभर त्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम केलं होतं. त्यांच्या धोतराचा लंगोट बांधला की त्यांची नात समोर येईल त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची, आणि उसापेक्षा पाचटच जास्त आलंय असा चेहरा करून मान वळवायची. सिंधूमावशी या कुमुदताईंच्या बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या पातळाच्या लंगोटात बाळ दूध पिता पिता थांबायचं आणि खोलीतले सगळे गप्प होईपर्यंत वाट बघायचं. एका मामांची बंडीही होती. मामा कुठल्याशा कचेरीत असल्यामुळे ती बंडी दुपारी बांधायची नाही असा नियम होता. जेवणानंतर त्या बंडीत बाळ कुणाचं काही ऐकूनच घेत नसे.

प्रशांत ढगे हा या बाळाचा बाप आणि काटकरांचा जावई. सोलापूरला पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला होता. बायको, रेवती, बाळंतपणाला माहेरी आली तेव्हापासून तोही बार्शीलाच मुक्कामाला होता आणि एसटीने रोज जाऊन-येऊन करत होता. लंगोटांची ही गोष्ट त्याला कुणी समजावून सांगितली नाही, कारण यात समजावण्यासारखं काय आहे हेच त्या घरात कुणाला उमगत नव्हतं. पहिल्यांदा त्याने हौसेने लेकीला मांडीवर घेतलं, तर तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान वळवली.

"मनावर घेऊ नकोस," रेवती म्हणाली. "ते तात्या होते."

मग ती स्वतः कधी असते, असं त्याने विचारलं. रेवतीने बराच विचार करून सांगितलं की लंगोट ओला झाल्यावर, दुसरा बांधेपर्यंत. पण तेवढ्या वेळात बाळाच्या तोंडाकडे बघायचं नाही अशी काटकरांकडे पद्धत होती. त्या वेळी ते कुणाचंच नसतं आणि आपण बघितलं तर अवघडतं, असं सगळे मानत. प्रशांतला यातलं किती पटलं हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं, पण तोही मुकाट्याने भिंतीकडे बघू लागला.

बारसं सव्वा महिन्याने करायचं ठरलं आणि कुमुदताईंनी जावयाला समोर बसवून घेतलं.

"पाळण्यात घालताना बापाचा लंगोट लागतो, जावईबापू. नाही बांधला तर मूल बापाला पाहुणा समजतं. मग जन्मभर चहा घेणार का म्हणून विचारत राहतं."

हे त्या काही भीती घालायला सांगत नव्हत्या. त्यांच्याच गल्लीत एक गृहस्थ साठीला आले होते आणि त्यांचा मुलगा अजूनही त्यांना दरवेळी फाटकापर्यंत सोडायला यायचा, पुन्हा या म्हणायचा. प्रशांतने त्या गृहस्थांना पाहिलं होतं. फाटकाबाहेर गेल्यावर ते थोडा वेळ तिथेच घुटमळायचे आणि मागच्या दाराने परत घरात यायचे.

अडचण अशी होती की प्रशांतकडे सुती कपडाच नव्हता. त्याचे सगळे शर्ट टेरिकॉटचे, इस्त्रीची कटकट नको म्हणून घेतलेले. तरी एक शर्ट फाडून लंगोट करून पाहिला. क्षणभर बाळाच्या चेहऱ्यावर काहीतरी ओळखीचं आल्यासारखं वाटलं, पण टेरिकॉट पाणी धरत नाही. सगळं खाली सतरंजीवर गेलं आणि त्याबरोबर प्रशांतही गेला. तात्यांनी पेपरामागून सांगितलं की टेरिकॉटमध्ये माणूस टिकत नाही. प्रशांतला फार वाईट वाटलं. आपली मुलगी आपल्याला पुढे चहाचं विचारेल, तेव्हा घ्यावा की नको म्हणावं, हे एसटीत त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

शेवटी सिंधूमावशी त्याला कापडाच्या दुकानात घेऊन गेल्या. मलमल लवकर मऊ पडते पण तिच्यात माणूस वरवरचाच उतरतो, आणि खादीत पक्का उतरतो पण ती बाळाला रुतते, असं त्यांचं म्हणणं पडलं. मधलं म्हणून त्यांनी केंब्रिक निवडलं. त्याचा सदरा शिवला. खळ जाईपर्यंत तो भिजवून भिजवून धुतला, रिठ्याच्या पाण्यात बुचकळला, कडक उन्हात वाळवला. कपडे मऊ करायचं वासाचं पाणी मात्र त्यांनी घालू दिलं नाही, कारण त्याने कापड बुळबुळीत होतं आणि काही शोषून घेत नाही. आता फक्त सदरा अंगावर घालून जुना करायचा होता.

कंपनीत गणवेश सक्तीचा, तोही टेरिकॉटचा. त्यामुळे प्रशांत संध्याकाळी सासरी आला की सदरा चढवायचा आणि ओसरीवरच्या खुर्चीच्या कडेला बसायचा. पंखा लावू का म्हणून विचारायचा. चहा आणखी हवा असला तरी नको, झाला म्हणायचा. तात्यांनी पेपर खाली ठेवला की हसून त्यांच्याकडे बघायचा, आणि तात्यांनी पेपर पुन्हा उचलला की हसू आवरून घ्यायचा. लग्न झाल्यापासून तो त्या घरात असाच बसत आला होता. सिंधूमावशी अधूनमधून त्याच्या बाहीचं टोक गालाला लावून पाहायच्या आणि अजून उतरला नाही असं सांगून जायच्या. बारसं तोंडावर आलं तेव्हा त्यांनी बाही जरा जास्त वेळ गालाशी धरली.

"उतरलाय," त्या म्हणाल्या. "थोडा घाबरट वाटतोय. पण उतरलाय."

बारशाच्या दिवशी प्रशांतची बहीण नाव ठेवायला सोलापूरहून आली. पाळणा सजला, घुगऱ्या झाल्या. सदऱ्याचा लंगोट बांधून कुमुदताईंनी बाळाला बाहेर आणलं आणि सगळे बघायला वाकले.

बाळाने एकेकाकडे पाहून हसून घेतलं. कुणाची गैरसोय होऊ नये असे पाय जवळ ओढून घेतले. रेवतीने पदराआड घेतलं तर ओठ चोखल्यासारखे हलत असतानाही तोंड बाजूला केलं. पाळण्यात ठेवलं तेव्हा मऊ गादी सोडून ते अगदी कडेला सरकलं. प्रशांत पुढे झाला. मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि ती हसली. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं, कारण तात्यांकडे बघून तो स्वतः तसंच हसायचा. त्याला काहीच कळेना. लंगोट बापाचा, मुलगी बापाची, आणि तरी ही परकेपणाने का वागते?

"सदरा कुठे कुठे घातला होतात?" सिंधूमावशींनी विचारलं.

"इथेच. याच घरात."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

कुमुदताई हळूच खाली बसल्या. मुलीला बाप पाहुणा वाटू नये म्हणून एवढा खटाटोप केला, आणि आता मुलगीच पाहुणी होऊन बसली होती. नाव ठेवायचं की नाही असा प्रश्न आला. तात्यांना विचारलं, तर पाहुण्याचं नाव त्याच्या घरचे लोक ठेवतात, आपण कसं ठेवायचं, असं ते म्हणाले. प्रशांतच्या बहिणीने तर कुंची हातात धरून सोलापूरच्या गाडीची वेळ विचारली.

मुलगी कडेलाच पडून होती. भूक लागली असूनही ती मागत नव्हती. भूक लागली असताना न मागणं म्हणजे काय, हे त्या खोलीत एकट्या प्रशांतला माहीत होतं. तो पाळण्यावर वाकला.

"नीट टेकून पड," तो म्हणाला. "हवं ते मागून घे. घर आपलंच आहे."

हे वाक्य त्या घरात त्याला कधी कुणी म्हटलं नव्हतं. तसं म्हणायला हवं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, यापलीकडे त्यात काही नव्हतं. मुलीने ते ऐकून घेतलं. मग तिने खात्री करून घ्यावी तशी तात्यांकडे नजर वळवली, आणि तिच्या पाठोपाठ सगळ्यांनीच तात्यांकडे पाहिलं.

तात्या उठले. पाळण्यापाशी येऊन उभे राहिले.

"हो," ते म्हणाले. "आपलंच आहे. यात विचारायचं काय?"

हे म्हणताना ते पाळण्यात बघत होते की आपल्याकडे, हे प्रशांतला नीटसं कळलं नाही. मुलीने मात्र पाय लांब केले, गादीच्या मधोमध आली आणि लंगोट ओला केला. पद्धतीप्रमाणे सगळ्यांनी तोंडं फिरवली. प्रशांत विसरला. कुणाचीच नसलेली ती मुलगी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिने भुकेने असा काही टाहो फोडला की बहिणीने घाईघाईने तिच्या कानात मुक्ता म्हणून टाकलं. नाव नक्की कुणाचं ठेवलं गेलं, यावर जेवणं होईपर्यंत चर्चा चालली आणि ती तशीच राहिली.

दुपारी कुमुदताईंनी लंगोट धुतला. दोरीवर जागा नव्हती म्हणून त्यांनी तात्यांना थोडं डावीकडे सरकवलं, सिंधूमावशींना उजवीकडे, आणि मधे तो घातला. प्रशांत ओसरीवरच्या खुर्चीत पाठ टेकून बसला होता. पंखा त्याने स्वतःच लावला होता.

उन्हं उतरायला लागली तेव्हा कुमुदताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "प्रशांत वाळला का?"

प्रशांत उठून अंगणात गेला आणि दोरी चाचपून आला.

"अजून दमट आहे," त्याने सांगितलं आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.