गुडघ्याची बिजागरी

मिस्त्रींनी आपल्याच गुडघ्याला बिजागरी बसवली, ती नेमकी मालक यायच्या दिवशी. तीस वर्षं लोकांची दारं-खिडक्या बसवणारा हा माणूस गुडघेदुखीमुळे दोन महिने घरी होता. गुडघा टेकून काम जमतं का, ते मालक आज स्वतः बघणार होते. जमलं तर सोमवारपासून कारखान्यात, नाही तर मिस्त्रींच्या जागी दुसरा माणूस.

गुडघा तसा बरा झाला होता. डोकं बिघडवलं ते फिजिओथेरपीच्या बाईंनी. व्यायाम संपवता संपवता त्या म्हणाल्या, "गुडघा नुसता दारासारखा उघडमीट करत नाही हं. पाय पूर्ण सरळ होताना शेवटी शेवटी नडगी जराशी बाहेर वळते आणि सांधा घट्ट बसतो. वाकवताना आधी ती उलटी वळते, मग सांधा सुटतो."

"किती वळते?"

"जराशी."

'जराशी' हे काय माप झालं? मिस्त्रींना चैन पडेना. शेवटी त्यांनी दोन लाकडी पट्ट्या बिजागरीने जोडल्या, एक मांडीला लावली, एक नडगीला. बिजागरीला वळणं ठाऊक नसतं. पाय तिच्यासकट सुरळीत सरळ झाला, तर बाई थापा मारतात हे सिद्ध! पट्टी हलली की माप चुकतं, म्हणून त्यांनी विजारीवर सढळ हाताने सरस लावला, तो वाळू दिला आणि पाय झटक्यात सरळ केला.

कट्! बिजागरी पिळवटली आणि तिथेच अडकली.

"अहो, मालक आलेत!" बायको दारातून म्हणाली.

खुर्चीत ताठ पाय पुढे करून बसलेले मिस्त्री बघून मालकांचा चेहरा पडला. "मिस्त्री, हा तर वाकतच नाही!"

"पाय वाकतो हो साहेब. बिजागरी वाकत नाहीये."

सगळं ऐकून मालक हसायलाच लागले. "काहीतरीच! तुमची बिजागरी हलकी असणार. माझ्या पायाला चांगली लावा, बघू कोण वळतंय."

बायकोने जुनी विजार कापून नवऱ्याला सोडवलं. मिस्त्री दुसरी घालून आले आणि त्यांनी चांगल्या बिजागरीच्या नव्या पट्ट्या मालकांच्या पायावर धरल्या.

"निदान सरस तरी लावू नका," ती म्हणाली.

"पट्टी हलली तर माप चुकेल!" दोघे एकदमच म्हणाले.

सरस वाळेपर्यंत चहा झाला. मालकांनी पाय सरळ केला. कट्!

"वळला!" मिस्त्री ओरडले.

"वळला खरा," मालक खुशीत म्हणाले आणि पाय वाकवायला गेले. वाकेना. बायकोने कात्री उचलली.

"अहो वहिनी, नको! पँट नवी आहे. घरी काय सांगू?"

मग पट्टीच कापायची ठरली. मिस्त्रींनी करवत आणली, गुडघा टेकला आणि दहा मिनिटं कापडाला धक्का न लावता पट्टी कापली. मग कशाचाही आधार न घेता उठून ते भुसा झटकू लागले.

मालक बघतच राहिले. "मिस्त्री, तुम्ही गुडघा टेकून बसला होतात की!"

"त्याशिवाय कापणार कसं?" मिस्त्री म्हणाले आणि मग स्वतःच चकित होऊन आपल्या गुडघ्याकडे बघू लागले.

"सोमवारी आठला या." चिकटलेल्या तुकड्यांसकट मालक दारापर्यंत गेले आणि थबकले. "पण मिस्त्री, किती वळला ते मोजायचं राहिलंच की!"

मिस्त्रींचे डोळे चमकले. बायकोने सरसाचं भांडं उचललं, आत नेलं आणि कपाटाला कुलूप लावलं.