रमझीचा ब्लॉग आणि उम्म फादीचं वॉशिंग मशीन

रमझीच्या ब्लॉगमुळे उम्म फादीचं नवंकोरं वॉशिंग मशीन चौथ्या मजल्याच्या जरा खाली, जिन्याच्या वळणावर कायमचं अडकलं. असं काही घडलंच नाही, असं समजून आपण सुरुवात करू. बैरूतमधल्या त्या इमारतीतले लोकही तसंच समजतात आणि पोट आत घेऊन, भिंतीला घासत आपापल्या घरी जातात.

रमझी सहाव्या मजल्यावर आईबरोबर राहायचा आणि ‘एकाकी बाल्कनी’ नावाचा ब्लॉग लिहायचा. ब्लॉगमध्ये बाल्कनी होती, एकाकीपण होतं, आणि समोरच्या गच्चीवरच्या मांजराच्या नजरेविषयी एक न संपणारी लेखमाला होती. फक्त हा ब्लॉग ठेवायचा कुठे, हे ठरत नव्हतं. फुकटच्या ठिकाणी ठेवून पाहिला, तर आजोबांवरच्या मृत्युलेखाच्या मधोमध पोट कमी करणाऱ्या चहाची जाहिरात आली. परदेशातल्या कंपन्या कार्ड मागायच्या, आणि रमझीचं बँकेचं कार्ड देशाबाहेर चालत नव्हतं. देशात ते काचेवरचा डिंक खरवडायला चालायचं.

शेवटी त्याने जुना कॉम्प्युटर झटकला, स्वयंपाकघरात सलगमच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी मांडला आणि ब्लॉग घरातच ठेवला.

“आई, ह्याची पिन काढायची नाही हं. ह्यात माझे विचार आहेत.”

“तुझ्या हातची मूठमाती लाभो रे मला, माझ्या राजा,” आई तिकडच्या आयांच्या रीतीने लाडाने म्हणाली. “पण विचार जरा पलीकडे सरकव. इथे कांदे असतात.”

त्या इमारतीत सरकारी लाइट गेली की गल्लीतल्या अबू नायेफचा भाड्याचा जनरेटर लागायचा, आणि जनरेटर दमला की अंधार. अंधार झाला की लिफ्ट बंद, आणि तिच्याबरोबर रमझीचे विचारही बंद. तरीसुद्धा वाचकांचा आकडा चढतच होता. संध्याकाळी लोक कामावरून परतायच्या वेळेला तर नुसती झुंबड उडायची. प्रत्येक वाचक जेमतेम दोन सेकंद थांबायचा. बैरूतचा वाचक किती तल्लख झालाय, याचं रमझीला कौतुक वाटायचं.

त्यातच एकदा पाचव्या मजल्यावरची यारा लिफ्टमध्ये भेटली. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती, आणि तिच्यासाठी रमझीने एक चांगला दात काढून घ्यायचीही मनाची तयारी केली होती.

“तुझा ब्लॉग मी रोज चार-पाचदा उघडते,” यारा म्हणाली.

“खरंच?”

“अरे, तो बघितल्याशिवाय घराकडे पाऊलच टाकत नाही मी.”

दुसऱ्या दिवसापासून रमझी गळ्यात मफलर घालून फिरू लागला. बैरूतच्या भर उन्हाळ्यातला ऑगस्ट चालू होता.

याराला मनातलं सांगायचं, आणि ब्लॉगवरच सांगायचं, हे त्याने ठरवलं. मथळाही सुचला: ‘पाचव्या मजल्यास’. पण एका विचाराने त्याची झोप उडाली. तिने पान उघडायला आणि अबू नायेफचं डिझेल संपायला एकच गाठ पडली, तर? त्याने मॉन्ट्रियलच्या मामेभावाला फोन लावला.

“एलियास, तुमच्याकडे लाइट कधी जाते?”

“जाते म्हणजे? कुठे जाते?”

हे उत्तर ऐकून रमझीचे डोळे पाणावले. ब्लॉग त्याच दिवशी मॉन्ट्रियलला, एलियासच्या कॉम्प्युटरवर गेला. घरातल्या कॉम्प्युटरच्या जागी कांदे परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘पाचव्या मजल्यास’ प्रसिद्ध झालं, आणि रमझी मफलर सावरून वाट बघत बसला.

संध्याकाळी जिन्यातून आरडाओरडा ऐकू आला. तो अंधारात मोबाइलचा उजेड पाडत खाली धावला. वळणावर वॉशिंग मशीन आडवं बसलं होतं आणि मशीनवर सातव्या मजल्यावरच्या उम्म फादी बसल्या होत्या. खाली परत चाललेल्या हमालांचे पाय वाजत होते.

“उरलेलं तुमच्या ब्लॉगला उचलायला सांगा, मावशी!” त्यातला एक ओरडला.

“मेल्या रमझी!” उम्म फादी कडाडल्या. “तुझं ते पान उघडं होतं! दुकानातच ते बघून मी टेम्पो बोलावला! आणि इथे येऊन बघते तर लिफ्ट ठार मेलेली!”

“पण मावशी, पानाचा आणि लिफ्टचा काय संबंध?”

“संबंध? तुझ्याच आईने सांगितलं ना सगळ्या इमारतीला! म्हणाली, लाइट आली का म्हणून मला सारखे फोन करू नका बाई. पोराचं पान उघडलं तर आहे, नाही उघडलं तर नाही.”

मशीनच्या पलीकडून, हातात कलिंगड धरलेली यारा डोकावली. तिला घामाने अंघोळ झाली होती.

“तू पण?” रमझीने विचारलं.

“मी सांगितलं होतं की तुला. दवाखान्यातून बघते. उघडलं की निघते. आज कलिंगड घेतलं, ते तुझ्या भरवशावर.”

“मग दुपारचं वाचलं नाहीस?”

“वाचायचं पण असतं?” यारा मनापासून म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिने कलिंगड मशीनवर टेकवलं. “हे बघ, ब्लॉग परत घरी आण. मी रोज उघडीन. शप्पथ.”

तेवढ्यात रमझीचा मोबाइल वाजला. मॉन्ट्रियलहून निरोप होता: ‘वाचलं. रडलो. लग्न कधी?’

जगात त्याचा एक खरा वाचक होता, आणि तो मामेभाऊ निघाला. एकीकडे कधीही न जाणारी लाइट, दुसरीकडे रोज उघडण्याची शपथ. रमझीने जिन्यातच बसून फार विचार केला. म्हणजे उम्म फादींनी चप्पल काढेपर्यंत केला.

ब्लॉग आता पुन्हा कांद्यांच्या जागी आहे. आकडे जोरात आहेत. लाइट असली की उम्म फादी वळणावरच कपडे धुतात. आणि पानाच्या माथ्यावर, ठळक अक्षरांत, एक सूचना आहे:

‘इमारतीतील सर्व रहिवाशांना नम्र विनंती करण्यात येते की, सदर ब्लॉग उघडल्याचे आढळल्यास लिफ्टकडे धाव घेण्यापूर्वी प्रत्येकाने निदान पहिला परिच्छेद वाचावा. पाचव्या मजल्याने शेवटपर्यंत वाचावे.’